बिनकाट्याचा फड्या निवडुंग : शेरडांनी खाल्ला, आता भाजीपण करून बघितली

मुरमाड_माळ (धागाकर्ता)

राम राम मंडळी. लिहीन लिहीन म्हणत दोन महिने गेले, आज बसलोच. आमचं गाव माण तालुक्यात, दहिवडीवरनं म्हसवडकडं जाताना. साडेचार एकर रान, त्यातलं दीड एकर निव्वळ मुरूम, तिथं कुसळाशिवाय काय उगवत नाही. तीन वर्षांपूर्वी मेव्हण्यानं बिनकाट्याच्या निवडुंगाची चाळीस पानं पोत्यात घालून आणून दिली आणि म्हणाला लाव बांधाला, जनावरं खातात. मी आणली त्याच दिवशी खड्डे काढून लावली, वर दोन-दोन तांबे पाणी घातलं, त्यातली नऊ पंधरा दिवसांत बुडातनं सडली. नंतर कळलं की पान तोडल्यावर सावलीत दोन-तीन आठवडे पसरून ठेवायचं, तोडलेली जागा वाळून कडक झाली की मग लावायचं, पानाचा तिसरा हिस्सा ते निम्मं मातीत, आणि पाणी लगेच घालायचंच नाही. आपल्याला रोप म्हटलं की पाणी घालायची सवय, इथं तेच उलटं आहे.

उरलेली एकतीस मात्र अशी धरली की आता कंबरेएवढी झालीत, एकेका झाडाला पंधरा-वीस पानं. तीन वर्षांत त्याला ना खत, ना पाण्याची पाळी. यंदा मार्चमध्ये कडब्याची पेंढी परवडंना झाली तेव्हा रोज एक पाटी पानं कोयत्यानं बारीक करून सहा शेरडं आणि एका गाईपुढं टाकायला लागलो. पहिले दोन दिवस शेरडांनी नुसतं हुंगलं, तिसऱ्या दिवसापासनं मी पाटी घेऊन निघालो की ओरडायला लागली. मेअखेरपर्यंत ओढलं बघा.

आणि आता मुद्दा. हे माणसंपण खातात असं वाचलेलं, म्हणून गेल्या रविवारी मंडळींनी कोवळ्या पानांची भाजी केली. वाईट नव्हती, पण आंबट लागली आणि तार सुटत होती, आईनं एक घास खाऊन ताट बाजूला सारलं. कुणी केलीय का ही भाजी? आणि आंबटपणा कशानं आला असंल? पानं सकाळी सहाला तोडलेली, एकदम ताजी होती.

कृष्णाकाठची_सून

दादा, केलीय! मिस्टरांच्या नोकरीमुळं आम्ही दोन वर्षं मेक्सिकोत होतो, आता सांगलीत. तिकडं ही रोजची भाजी आहे हो, आपल्याकडं मेथी-शेपू असावी तशी. झाडाला नोपाल म्हणतात, बाजारात बायका ढीग घेऊन बसलेल्या असतात आणि सुरीनं काटे खरवडत-खरवडत गिऱ्हाईकाशी बोलत असतात, हाताकडं बघतपण नाहीत. तळहाताएवढी कोवळी पानंच भाजीला घेतात, जून झालं की आत धागे होतात. त्यांच्या झेंड्यावर गरुड ज्याच्यावर बसलाय ना, ते हेच झाड.

तार घालवायची तर भेंडीचंच तंत्र. आधी धुऊन कोरडी करा, चिरल्यावर पाणी लावू नका. लोखंडी तवा चांगला तापवून बिनतेलाचं नुसतं परतायचं, आधी भरपूर चिकट पाणी सुटतं, घाबरायचं नाही, मोठ्या आचेवर ते आटू द्यायचं. हिरवा रंग मळकट झाला की बाजूला काढायचं, मग फोडणीत लसूण-जिरं, उभा कांदा, हिरवी मिरची, शेवटी शेंगदाण्याचं कूट. बाजरीच्या भाकरीबरोबर फार सुंदर लागते. तिकडं मिठाच्या पाण्यात कांदा घालून उकडतात आणि ते पाणी ओतून टाकतात, पण मला तव्यावरची जास्त आवडते. अंड्यात घालूनपण छान होते. आईंना परत एकदा द्या, यावेळी कूट जरा सढळ घाला.

आंबटाचं मात्र मलापण कोडं आहे. माझी कधी आंबट झाली तर कधी अजिबात नाही.

वनस्पतीवाला_कराड

कोड्याचं उत्तर "सकाळी सहाला तोडली" यातच आहे. मी कॉलेजला हाच विषय शिकवतो त्यामुळं जरा सविस्तर सांगतो.

बाकीची झाडं दिवसा पानांची छिद्रं उघडून हवा आत घेतात, आणि त्याच छिद्रांतनं झाडातलं पाणी उडून जातं. माणच्या उन्हात असं करून चालणार नाही. निवडुंग दिवसभर छिद्रं मिटून बसतो आणि रात्री गारव्याला उघडतो. पण रात्री ऊन नाही, म्हणजे अन्न तयार करता येत नाही, मग आत घेतलेला कार्बन डायऑक्साइड तो मॅलिक आम्ल बनवून साठवून ठेवतो. दिवस उजाडला की छिद्रं बंद करून ते आम्ल मोडत-मोडत त्यातनं अन्न बनवतो. म्हणून पहाटे पान सगळ्यात आंबट आणि दुपार कलली की जवळजवळ बेचव. हरभऱ्याच्या शेतात पहाटे पानांवर आंब येते, फडकं फिरवून गोळा करायचे पूर्वी, त्या आंबेतपण मॅलिक आम्ल असतंच. तुम्ही एकाच झाडाची दोन पानं, एक सकाळी सहाला आणि एक दुपारी तीनला तोडून चाखून बघा आणि इथं सांगा.

आणखी एक, ज्याला आपण पान म्हणतोय ते खरं तर खोड आहे, चपटं झालेलं हिरवं खोड. खरी पानं म्हणजे कोवळ्या फड्यावर बारीक हिरवी टोकं दिसतात ना, ती. थोड्या दिवसांत गळून जातात. काटे म्हणजे पानांचंच बदललेलं रूप.

मुरमाड_माळ

सर, खोटं वाटेल पण आंबेचं वाचून आईच्या डोळ्यांत एकदम चमक आली. तिच्या लहानपणी तिची आजी हरभऱ्यावरनं धोतराचं फडकं ओढून पिळायची आणि पोट दुखलं की तेच द्यायची. उद्या दोन्ही वेळची पानं तोडून बघतो.

जत_पूर्वभाग

माझा एक रोखठोक प्रश्न हाय. आता म्हैसाळ, टेंभू या उपसा योजनांचं पाणी येतंय, तुमच्याकडं उरमोडी, जिहे-कठापूर हाय. पाणी आल्यावर मका, हत्तीघास सोडून निवडुंग कशाला लावायचा? आमच्याकडं लावायचंच तर लोक ड्रॅगनफ्रूट लावतायत, तेपण निवडुंगच हाय की.

मुरमाड_माळ

दादा, रास्त प्रश्न आहे. पाणी आलंय, पण ते कालव्याच्या खालच्या रानाला आलंय. माझा माळ चढावर, तिथं पाणी चढवायचं म्हणजे मोटर, पाइप, लाइटबिल, आणि एवढं करून त्या मुरमात हत्तीघास किती येणार. ज्या रानात मका येतो तिथं निवडुंग कुणी लावू नये असं माझं स्पष्ट मत आहे. काळ्या रानात तर लावूच नका, पाणी साचलं की सडतोय. हा बांधाचा, तालीचा, माळाचा गडी. आणि पाणी असलं तरी छावणीचे दिवस आपण विसरलो का? २०१२-१३ ला म्हसवडला माणदेशी फाउंडेशनच्या छावणीत आमची दोन जनावरं होती, वडील तिथंच मुक्कामाला. उसाचं वाढं खाऊन-खाऊन जनावरांची तोंडं बघवत नव्हती. तेव्हा बांधाला ही एकतीस झाडं असती तर निदान दोन महिने दावणीची जनावरं दावणीला राहिली असती. मला एवढंच पाहिजे. पैसा मिळवायला नाही लावलेलं.

वनस्पतीवाला_कराड

ड्रॅगनफ्रूट निवडुंगाच्याच कुळातलं, पण मूळचं मध्य अमेरिकेच्या जंगलात झाडांवर चढणारा वेल. म्हणून त्याला सिमेंटचे खांब लागतात, ठिबक लागतं, कडक उन्हात त्याच्या फांद्या पिवळ्या पडून करपतात. फड्या निवडुंग उघड्या माळाचाच. दोघांची तुलना नको.

दावण_आणि_दवाखाना

मी जनावरांचा डॉक्टर, आटपाडी भागात काम करतो. धागा बघून आनंद झाला, पण काही गोष्टी ठासून सांगितल्या पाहिजेत कारण लोक अर्धवट ऐकून नुसता निवडुंग टाकतात आणि मग "जनावर हगायला लागलं" म्हणून फोन येतो.

यात शंभरातले नव्वद भाग पाणीच असतं. म्हणजे दहा किलो पानं टाकली तर नऊ लिटर पाणी आणि जेमतेम किलोभर कोरडा चारा पोटात गेला. उन्हाळ्यात हे पाणी फार मोलाचं आहे, शेळ्या-मेंढ्यांना पाजायचं पाणी बरंच कमी लागतं, आणि त्यातली साखर लवकर पचते म्हणून अंगाला ताकद येते. पण धागा, म्हणजे तंतू, कमी. रवंथ नीट व्हायला कोरडी वैरण पाहिजेच. नुसतं हेच घातलं की शेण पातळ होतं. तो रोग नाही, खाण्याचा दोष आहे. म्हणून कुट्टी करून कडब्यात, भुसकटात मिसळून द्या, म्हणजे जनावर निवडून खाणार नाही. सुरुवात मूठभरानं करा, आठ-दहा दिवसांत हळूहळू वाढवा. दुसरं, यात प्रथिनं फार कमी. दुभत्या जनावराला पेंड किंवा लसूणघास, शेवरी असं काहीतरी सोबत द्यावंच लागेल. कॅल्शियम मात्र भरपूर आहे.

ब्राझीलच्या ईशान्येकडच्या दुष्काळी पट्ट्यात दूधवाले शेतकरी हेच करतात, तिथं काही लाख हेक्टरवर लावलेला आहे. टेक्सासमध्ये काटेरी निवडुंगच भरपूर, ते दुष्काळात गॅसच्या मोठ्या बर्नरनं उभ्या झाडाचे काटे जाळतात आणि जनावरं मागोमाग चरत येतात. आपल्याकडं बाएफ या शेती-पशुपालनातल्या संस्थेनं बिनकाट्याच्या जातींवर वैरण म्हणून बरंच काम केलंय, राजस्थानात बाडमेरकडं शेतकऱ्यांच्या शेळ्यांना घालून बघितलंय.

माडग्याळ जातीच्या मेंढ्या पाळणाऱ्यांनी तर हा विचार करावाच. फक्त कोवळं झाड कळपापासनं सांभाळा, बिनकाट्याचं असल्यामुळं मेंढ्या बुडापर्यंत खाऊन टाकतात. खालची मूळ पानं ठेवून वरची तोडत गेलं तर झाड वर्षानुवर्षं टिकतं.

जत_पूर्वभाग

डॉक्टरसाहेब, मेंढ्या म्हटल्यावर मी ऐकायला तयार हाय. घरी चाळीस माडग्याळ हायती. मुरमाडदादा, पानं द्याल का? मी येऊन घेऊन जातो, सांगाल त्या दिवशी.

मुरमाड_माळ

या की रविवारी. पन्नास पानं देतो, पैसे नकोत.

खटावचा_भाऊ

पैशावरनं आठवलं. आमच्या गावात एकानं "औषधी निवडुंग" म्हणून एकेक पान फार महाग विकलं आणि वर सांगितलं तीन वर्षांनी आम्हीच फळं विकत घेऊ. तीन वर्षं झाली, फोन लागत नाही. माझ्या चुलत्यानं वीस गुंठे त्यात घातले. कृपा करून कुणी करारावर भुलू नका, हे एका पानाचं वर्षात झुडूप होतं, शेजाऱ्याकडनं शेजाऱ्याला जायची वस्तू आहे.

जुनं_ते_जपणारा

वय ७४. मुक्काम तासगाव तालुका. नातू टाइप करून देतोय.

आमच्या लहानपणी गावाच्या ओढ्याकडंला फड्या निवडुंग होता, काटेरी, बोटभर काटे. नागानं फडा काढावा तसं पान, म्हणून फड्या. उन्हाळ्यात लालभडक बोंडं यायची. आम्ही पोरं काठीनं पाडायचो, गोणपाटावर घासायचो किंवा चुलीतल्या निखाऱ्यावर फिरवायचो. मोठे काटे दिसतात, पण बोंडावर बारीक केसासारखी कुसं असतात ती खरी वैरी, जिभेत गेली तर दोन दिवस जेवण नाही. मग सोलून आतला गर खायचा. गोड, पाणीदार, बिया मात्र दगडासारख्या. ओठ, दात, सदरा सगळं लाल. बहात्तरच्या दुष्काळात खडीच्या कामावर जाताना बायका ओच्यात बोंडं घेऊन जायच्या, हे मी डोळ्यांनी बघितलंय. डांग्या खोकल्याला माझी आई बोंडाचा रस आटवून मधातनं द्यायची.

एक गोष्ट जीव तोडून सांगतो. निवडुंग म्हणून वाट्टेल ते तोडू नका. तीनधारी निवडुंग, शेर, यांना आपण निवडुंगच म्हणतो पण ती जात वेगळी. मोडलं की पांढरा चीक येतो. तो चीक डोळ्यात गेला तर डोळा जातो, पोटात गेला तर जिवावर येतं. फड्याला चीक नसतो, मोडला की नुसतं बुळबुळीत पाणी. पांढरं दिसलं की हात मागं.

माझा प्रश्न असा की आमच्या ओढ्याचा तो फड्या पुढं गेला कुठं? पूर्वी गावोगावी होता म्हणतात. आमचे आजोबा सांगायचे की इंग्रजांनी किडा सोडून मारला. खरं का?

वनस्पतीवाला_कराड

आजोबा, चिकाबद्दल लिहिलंत ते फार महत्त्वाचं. तीनधारी आणि शेर ही युफोर्बिया वंशातली झाडं, खऱ्या निवडुंगाशी त्यांचं नातं नाही, कोरड्या हवेमुळं दोघांचं रूप सारखं झालंय एवढंच.

तुमच्या आजोबांचं खरं आहे. मूळ हे झाड मेक्सिकोचं, अमेरिका खंडातलंच. त्यावर एक बारीक किडा वाढतो, कोचिनियल, चिरडला की गर्द किरमिजी रंग. कापड रंगवायला त्याला सोन्यासारखा भाव होता आणि धंदा स्पेनच्या मुठीत. ईस्ट इंडिया कंपनीला तो रंग इथं करायचा होता, म्हणून निवडुंग लावले, आणि १७९५ मध्ये कॅप्टन नीलसन नावाच्या माणसानं ब्राझीलहून किडे कलकत्त्याला आणले. पण किडा निघाला दुसऱ्याच जातीचा, रंगाला हलका. त्यानं रंग दिला नाही, निवडुंगाची एक जात मात्र खाऊन साफ केली. दुसऱ्या काटेरी जाती त्याला दाद देईनात, त्या पुढं दक्षिणेत इतक्या माजल्या की रानं अडली. मग १९२६ ला सिलोनमधनं दुसरी किडीची जात मुद्दाम आणून सोडली, आणि काही वर्षांत डोंगरच्या डोंगर मोकळे झाले.

ऑस्ट्रेलियात तर निवडुंगानं कोट्यवधी एकर जमीन गिळली होती. १९२५ ला अर्जेंटिनातल्या एका पतंगाच्या अळ्या आणल्या, आठ-दहा वर्षांत त्यांनी ती रानं मोकळी केली. त्या पतंगाच्या नावानं क्वीन्सलंडमध्ये सभागृह आहे.

यातनं आपण घ्यायचं एवढंच की काटेरी जात माळावर मोकळी सोडू नका. बिनकाट्याची पानापासनंच वाढवा. बियांपासनं आलेल्या रोपांना परत काटे येऊ शकतात.

कृष्णाकाठची_सून

आजोबा, बोंडांचं वाचून तोंडाला पाणी सुटलं. तिकडं या फळाला तुना म्हणतात, हिरव्या सालीचं पांढऱ्या गराचं आणि लाल असं दोन्ही मिळतं. बाजारात सोलूनच देतात. घरी मी दोन्ही टोकं कापायची, मधे उभा छेद द्यायचा आणि साल उलगडायची, गर अखंड निघतो. बिया चावायच्या नाहीत, गिळायच्या, पण एका वेळी चार-पाचच खा, जास्त खाल्ली की बियांनी पोट गच्च होतं. मुलांना तर रस गाळूनच द्या. लाल फळ खाल्लं की लघवीला रंग येतो, बिटासारखाच, घाबरू नका.

आणि मधुमेहवाल्यांसाठी, तिकडं लोक साखर आटोक्यात राहावी म्हणून पानांचा रस पितात. जेवणानंतरची साखर यानं कमी चढते असं अभ्यासात दिसलंय, पण गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय रोज घेऊ नका, साखर एकदम उतरू शकते. मुतखडा असलेल्यांनीपण बेतानं, यात ऑक्झलेट असतं, पालकासारखं.

खटावचा_भाऊ

सौराष्ट्रात याच काटेरी जातीच्या फळाचा रस "फिंडला" म्हणून बाटलीत विकतात, रक्त वाढतं म्हणून. माझे साडू राजकोटला असतात, त्यांनी आणलेला. चव छान, रंग जांभळट लाल. रक्ताचं मला माहीत नाही, पण बायकोच्या लोहाच्या गोळ्या आम्ही बंद केल्या नाहीत.

मुरमाड_माळ

सर, करून बघितलं. सकाळी सहाचं पान चिंचेच्या पाल्यासारखं आंबट, दुपारी तीनचं काकडीसारखं. आईला डोळे मिटायला लावून दोन्ही फोडी दिल्या, तिनं लगेच ओळखलं. संध्याकाळी दुपारच्या पानांची भाजी केली, तव्यावर आटवून, कूट घालून. आईनं दोनदा मागून घेतली. सांगलीच्या ताई, तुमचे उपकार.

जुनं_ते_जपणारा

काल नातवाला घेऊन ओढ्याला गेलो. पन्नास वर्षांनी तिकडं पाय वळले. बाभळीच्या बुडात फड्याचं एक ठोंब सापडलं, गुडघ्याएवढं, चार-पाच पानांचं. पानांवर कापूस चिकटल्यासारखे पांढरे ठिपके होते. नातवानं काडीनं एक चिरडला. काडी लालभडक झाली, मी बोटावर घेतला, बोटपण लाल. सरांनी सांगितला तो किडाच असणार. धुतलं तरी नखात रंग आहे. मुरमाड_माळ, बाळा, तुझी झाडं नीट बघून घे.

वनस्पतीवाला_कराड

आजोबा, तोच. हे फार महत्त्वाचं सांगितलंत. मोरोक्कोत २०१४ पासनं याच किडीनं बिनकाट्याच्या बागाच्या बागा वाळवल्या. पान उलटसुलट करून, दोन पानांच्या जोडाच्या बेचक्यात बघा. ठिपके थोडे असतील तर साबणाच्या पाण्यानं ब्रशनं घासून काढा, जास्त असतील तर ते पान तोडून खोल पुरा. उकिरड्यावर टाकू नका, पिल्लं वाऱ्यावर जातात.

मुरमाड_माळ

आत्ता बॅटरी घेऊन माळावर जाऊन आलो. एकतीसच्या एकतीस बघितली, दीड तास लागला. ओढ्याच्या अंगाच्या दोन झाडांवर पांढरं आहे, एकावर दोन ठिपके आणि एकावर सात. चिरडून बघितलं, लाल. सातवालं पान तोडून खड्ड्यात गाडलं, दुसरं मंडळींनी बॅटरी धरली आणि मी साबणानं घासून काढलं. जतचे दादा, रविवारी येऊ नका. माझ्या पानांबरोबर तुमच्या रानात किडा जायला नको. महिनाभर रोज बघतो, एकपण ठिपका दिसला नाही तर मीच फोन करतो, पन्नास पानं तुमच्यासाठी राखून आहेत.

जत_पूर्वभाग

थांबतो दादा. तोवर खड्डे काढून ठेवतो.